तळ्याखालच्या पायऱ्या

सकाळ आधी कोठाराच्या कौलांवर आली. कौलांवर रात्रीचे दव होते, आणि त्या दवावर उजेड बराच वेळ करडाच राहिला, ताकावरच्या निवळीसारखा. मग कडेच्या एका कौलाला किंचित तांबूस रंग चढला, शेजारच्या कौलाने तो घेतला, आणि उजेड हळूहळू भिंतीवर उतरला. भिंतीला टेकून हिवाळ्याची लाकडे रचलेली होती. त्यांची कापलेली गोल तोंडे एकेक करून उजळली, जणू कुणी वर्गातल्या मुलांची हजेरी घेत होते. रिकाम्या खुराड्याची जाळी, उलटी ठेवलेली ढकलगाडी, दोरीवर विसरलेला एक मोजा असे करीत उजेड अंगण ओलांडून बांधापर्यंत गेला आणि तिथल्या भूर्जांच्या पांढऱ्या खोडांपाशी थबकला. बांधापलीकडच्या तळ्यात उतरायला त्याला चहा होऊन निवेल इतका वेळ लागला.

इतर वर्षी या घटकेला तळे उजेड परत पाठवी, आणि वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या छतावर सोनेरी रेघांची एक थरथरती जाळी पडे. लहानपणी सत्यजित ती पाहत पाहत दूध पीत असे. आज त्याने मान वर करून पाहिले. छत स्थिर होते.

"पाणी पार तळाला गेलंय," सुरेखा गॅसपाशी उभी राहून म्हणाली. "मासे वर तोंडं काढून श्वास घेतात. बघवत नाही रे."

"म्हणून तर आलोय ना, आई."

"आलास ते बरं केलंस. अलोइस ऑगस्टपासून तुझं नाव घेतोय."

सत्यजित फ्रँकफर्टहून एका आठवड्याच्या रजेवर आला होता. रेगेन्सबर्गच्या उत्तरेला, जिथे जंगल आणि तळी एकाआड एक येतात, तिथल्या हिंटरवायर नावाच्या लहानशा गावात त्याचे आईवडील राहत. वडिलांना, म्हणजे जयंतला, रेगेन्सबर्गच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा शहरात घर मिळेना. कुणीतरी या खेड्यातला वरचा मजला सुचवला. दोन महिन्यांसाठी म्हणून आलेले कुटुंब तिथेच राहिले. तेव्हा सत्यजित चार वर्षांचा होता. त्याची बहीण तनया इथेच जन्मली.

खालच्या मजल्यावर घरमालक अलोइस लांग राहत असे. वय ऐंशीच्या पुढे, बायको कधीच गेलेली, मूल नाही. ऑगस्टात तळघराच्या जिन्यावरून पडून त्याचे खुब्याचे हाड मोडले, आणि जूनपासून आभाळाने तोंड फिरवले होते. तळे त्याचे, त्यातले कार्प मासेही त्याचे. आता ते आठवडाभरात काढायचे होते. त्यानंतर थंडी पडायच्या आत तळे पुन्हा भरले नाही, तर मातीचा बांध गोठून भेगाळणार होता. न्यूर्नबर्गचा पुतण्या त्या खळग्यात मका लावायला केव्हापासून टपून बसला होता.

"तळं भरलं न्हाई, तर त्याला व्हय म्हनून टाकीन," अलोइसने जाहीर केले होते. "कोरड्या खड्ड्याकडं बघत मरायचं न्हाई मला."

अलोइस अर्थातच मराठी बोलत नसे. त्याची बायरिश बोली इतकी जाड होती की पहिली दोन वर्षे सुरेखाला त्यातले अक्षरही कळत नव्हते. जयंतला ती कारखान्यातल्या कामगारांमुळे लवकर उमगली. तो बायकोला भाषांतर करून सांगे, आणि गंमत म्हणून आपल्या कोपरगावच्या बोलीत सांगे. ती सवय घराला इतकी लागली की पुढे भाषांतराची गरज संपली तरी अलोइसचे प्रत्येक वाक्य या घरात कोपरगावचाच हेल घेऊन कानी पडे.

त्याच दिवशी ते बांधावर गेले. अलोइसला जयंत आणि सत्यजितने खुर्चीसकट उचलून नेले. तो एखाद्या वऱ्हाडातल्या मानकऱ्यासारखा हात हलवत होता, आणि कुंपणाशी उभी असलेली शेजारीण हसत होती, हे सत्यजितला सोसवेना. त्याने मान खाली घातली.

बांधालगत पाण्यात काँक्रीटचा एक चौकोनी पोकळ खांब उभा होता. गावात त्याला साधू म्हणत. साधूच्या पोटात खाचा होत्या आणि खाचांत एकावर एक लाकडी फळ्या बसवलेल्या होत्या. वरची फळी काढली की तेवढे पाणी खांबातून बांधाखालच्या नळीत उतरे.

"एकच काढ," अलोइस म्हणाला. "मंग बस. पानी थांबलं की दुसरी. गडबड केली तर मासं गाळात रुततील."

सत्यजितने लोखंडी आकडा फळीला अडकवला. फळी फुगलेली होती, हलेना. त्याने पाय रोवले, पाठ ताणली. तळव्याची कातडी आकड्याच्या मुठीत चिमटली गेली. फळी सुटली तशी तो मागे बसकण मारून चिखलात आदळला.

"संगणकाचं हात!" अलोइस खूश होऊन म्हणाला.

"ओपा, त्याला हसू नकोस, तो रडेल," तनया जर्मनमध्ये म्हणाली. तिला मराठी सगळे कळे, पण तोंडातून जर्मनच निघे. अलोइसला ती बोलायला लागल्यापासून ओपा, म्हणजे आजोबा, म्हणत आली होती. सत्यजित त्याला आजही 'हेर लांग', म्हणजे लांगसाहेब, म्हणे. त्याच्या मनात आजोबांची जागा कोपरगावच्या आबांनी भरलेली होती.

दोन फळ्यांमधला वेळ अलोइस बोलण्यात घालवी. ही तळी सातशे वर्षांपूर्वी मठातल्या साधूंनी पाट्या वाहून खणली, कारण त्यांना उपासाला मासा चाले. तळ्यांची माळ होती. वरच्या तळ्याचे पाणी खालच्याला, त्याचे त्याच्याखालच्याला. या घराला गाव 'श्मीड' म्हणे, लोहार. शंभर वर्षांत इथे कुणी ऐरणीला हात लावला नव्हता, तरी घरात झोपेल तो श्मीड. सुरेखालाही बेकरीत 'श्मीडिन' अशीच हाक येई.

"वरचं तळं लुडविगचं," अलोइस म्हणाला. "त्याचं मासं काढून झालं की त्यो पानी सोडतो. पर आधी बांधावर हुबा राहून घराचं नाव पुकारतो. हितनं उत्तर गेलं पायजे. उत्तर दिलं त्यानं साधूपाशी हुबं राहायचं, आन् वसंतापतोर पान्याची राखन करायची. फळ्या बघायच्या, खाली उजेड जावा म्हनून बर्फावरचं हिम झाडायचं. उत्तर आलं न्हाई तर पानी दुसऱ्या फाट्याला. तिकडं लुडविगच्या भावाचं नवं तळं हाये, आ वासून बसलंय."

"आणि उत्तर मालकानेच द्यायचं?" सत्यजितने विचारले.

"त्या छपराखाली झोपतो त्यानं. म्या पाच वर्सांचा हुतो, सेहेचाळीस साली. बा रशियात कैदेत. आय तापानं पडलेली. आमच्या कोठारात लढाई सरल्यावर बोहेमियातनं हाकललेली एक बाई राहत हुती, दोन पोरींसंगं. लुडविगच्या आज्यानं हाळी दिली, आन् ती बाई फाटकी चादर लपेटून बांधावर गेली न् वरडली. लोक म्हनलं, ही कोन श्मीड? आज्या म्हनला, झोपती कुठं ती? झालं. सोडलं पानी."

"मग ती बाई?"

"पुढं गेली म्यूनिकला. पर त्या हिवाळ्यात बर्फ तिनंच झाडलं."

मासे निघाले तो दिवस ढगाळ होता. तळे आटून साधूसमोरच्या खड्ड्यात तेवढे गुडघाभर पाणी उरले होते, आणि सगळे कार्प त्यात दाटले होते. पाणी उकळत असल्यासारखे दिसे. जयंत आणि सत्यजित मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून उतरले. जाळे दोघांनी दोन टोकांना धरून ओढायचे, मग हातजाळ्याने मासे उपसून वर टपात टाकायचे. मोठा कार्प हातात आला की एखाद्या तगड्या मुलासारखा अंग झटके. सत्यजितच्या तोंडावर, चष्म्यावर, जिभेवर चिखल होता. दुपारपर्यंत त्याला खांदे आपले वाटेनात.

बांधावर सुरेखा टपांपाशी होती. घरात मासा शिजत नसे. दर नाताळला अलोइस एक कार्प आणून देई आणि सुरेखा तो मागच्या दाराने शेजारणीला पोचता करी, हे चोवीस वर्षे अलोइसला ठाऊक होते आणि तो तरीही आणी. चिखलाने माखलेले ते जीव पाहून तिला कळवळा आला. तिने अंगणातल्या नळाला पाइप जोडला आणि एका टपात स्वच्छ गार पाणी सोडले, मुलांना न्हाऊ घालावे तसे.

"अगं ए श्मीडिन!" अलोइस खुर्चीतून अर्धा उठला. "थंड पान्यानं मरत्याल की ती! तळ्याचंच पानी घाल, घाणेरडंच!"

सुरेखा पाइप हातात धरून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "अहो, मला वाटलं..."

"तू बंद कर आधी," जयंत चिखलातून ओरडला. "आंघोळ घालतेय कार्पांना! आता उटणं पण लाव!"

तनया इतकी हसली की तिला हातजाळे खाली ठेवावे लागले. मग सुरेखाही हसली, आणि चौघांनी बादल्या भरभरून तळ्याचे कोमट, गढूळ पाणी टपात ओतले. दोन मासे आडवे झाले होते. त्यातला एक पुन्हा सरळ पोहू लागला. अलोइसने त्याचे नाव सुरेखा ठेवले.

संध्याकाळी मोठे मासे व्यापाऱ्याच्या गाडीत गेले. पिल्ले कोठाराजवळच्या हौदात ठेवली. तळे भरले की ती परत सोडायची होती.

जेवताना सत्यजितच्या हाताला घास धरवत नव्हता. तळव्याला फोड आले होते.

"आज मला आबांची आठवण येत होती," तो म्हणाला. "घाटावरची."

ती आठवण घरात सगळ्यांना पाठ होती. सत्यजितच्या आयुष्यातली ती पहिली: ओल्या दगडी पायऱ्या, चिखलाचा आणि धुराचा वास, त्याची कॉलर मागून कुणीतरी घट्ट धरलेली, आणि समोर पाण्यात उभा असलेला एक उंच माणूस. माणसाच्या दोन्ही हातांत एक भला मोठा मासा. तो मासा पुढे करून माणूस म्हणतो, "भिऊ नगं, लेका. हात लाव." हा कोपरगावचा गोदावरीचा घाट आणि ते त्याचे आबा, हे सत्यजितने फार लहानपणी ठरवले होते. शाळेत 'माझे गाव' या विषयावर त्याने जर्मनमध्ये हाच प्रसंग लिहिला होता. फ्रँकफर्टमध्ये कुणी मूळ गाव विचारले की त्याच्या डोळ्यांपुढे त्याच पायऱ्या येत.

"सत्या, तुला किती वेळा सांगितलं," सुरेखा म्हणाली. "आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ते माशाला कशाला हात लावतील?"

"नदी आटली असेल. अडकलेला मासा खोल पाण्यात सोडत असतील."

"दम्याचा माणूस तो. पाण्यात पाय बुडवायचा नाही."

"पण तो माणूस मराठी बोलला, आई. मला ऐकू येतंय अजून."

सुरेखाने त्याच्या ताटात तूप वाढले.

"माझी पहिली आठवण म्हणजे ओपाचा ट्रॅक्टर," तनया जर्मनमध्ये म्हणाली. "कुणी कधी वाद घातला नाही."

गाळ काढणे उरले होते. खड्ड्यात वर्षानुवर्षांचा काळा गाळ बसला होता. एरवी अलोइस त्याला हात लावत नसे. मासे काढले की लगेच पाणी येई. या वर्षी लुडविगचे काम संपायला अवकाश होता.

"चोवीस वर्सांनी खड्डा कोरडा पडलाय," अलोइस म्हणाला. "तुमी आला त्या साली म्या साफ केला हुता, त्यानंतर आत्ताच."

बापलेकांनी फावडी घेतली. गाळ लोण्यासारखा कापला जाई आणि शिशासारखा जड लागे. ढकलगाडी भरायची, फळीवरून बांधावर चढवायची, रिकामी करायची. जयंतने साठीला आलेली कंबर धरून मधूनमधून आभाळाकडे पाहिले, पण थांबला नाही. त्याचे हेच सुट्टीचे दिवस होते आणि तो कारखान्यापेक्षा इथे सुखी दिसत होता.

दुपारच्या सुमाराला सत्यजितचे फावडे दगडावर वाजले. त्याने कडेने गाळ ओढला. एक सरळ धार दिसली. मग तिच्याखाली दुसरी. बांधापासून खड्ड्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या, मधोमध झिजलेल्या, ओल्या. कुंपणापलीकडे शेजारीण वाळका पाला जाळत होती आणि धूर सरळ तळ्यावर येत होता.

सत्यजित फावडे धरून उभा राहिला.

"साधूंच्या वेळच्या," अलोइस वरून म्हणाला. "तू हितंच हुबा हुतास की. लाल स्वेटर. पळत सुटशील म्हनून आयनं मागनं गचांडी धरलेली. म्या मासा दावला तर असा बोंबलला..."

"मला नाही आठवत," सत्यजित म्हणाला.

"वरची पायरी सैल असंल. उतरून बघ. पाय टाक, काय व्हत न्हाई," अलोइस आपल्या बोलीत म्हणाला; आणि जयंत, खाली वाकून गाळ भरता भरता, काही विचार न करता, जुन्या सवयीने ते मराठीत म्हणून गेला, "भिऊ नगं, लेका. पाय टाक."

आवाज खालचा, किंचित घोगरा होता. सत्यजितने वडिलांच्या पाठीकडे पाहिले. जयंतला काही जाणवले नव्हते. त्याने गाडी उचलली आणि फळीवर चढवली.

सत्यजितने पायरीवर पाय ठेवला. ती सैल नव्हती. तो पुन्हा खणू लागला, आधीपेक्षा जोरात, आणि मनाशी म्हणाला की पायऱ्या सगळीकडे सारख्याच असतात, धूर सगळीकडे सारखाच वास मारतो.

शुक्रवारी जयंतची रजा संपली आणि तो पहाटेच कामावर गेला. तनया शाळेत होती. अलोइसला डॉक्टरांनी तपासणीला बोलावले होते. सुरेखा त्याला गाडीत घालून रेगेन्सबर्गला घेऊन गेली. लुडविगचे काम शनिवारी आटपेल असा सगळ्यांचा हिशेब होता. सत्यजित एकटाच बांधावर बसून फळ्यांना भुसा आणि चरबी चोपडत होता, फटी बुजाव्यात म्हणून. फळ्या खाचांत बसवून झाल्या. धुके उठत होते.

तेवढ्यात वरच्या बांधावरून हाक आली.

"श्मीड!"

लुडविगचे काम एक दिवस आधीच उरकले होते. धुक्यात त्याची हिरवी टोपी दिसत होती. त्याच्या शेजारी त्याचा भाऊ उभा होता, दुसऱ्या फाट्याच्या झडपेवर हात ठेवून.

सत्यजित उठला आणि त्याने मागे वळून घराकडे पाहिले. कुणी बोलावले की तो नेहमी असेच करी. आपल्या मागे कुणीतरी असेल, हाक त्याला असेल. घराच्या खिडक्या बंद होत्या. आपण हिंटरवायरचे नाही, असे तो इतकी वर्षे सांगत आला होता. त्याचे अंथरूण फ्रँकफर्टला होते. या आठवड्यापुरता या छपराखाली झोपलेला माणूस कोण? आई चार वाजेपर्यंत येईल. लुडविगला थांबायला सांगावे का? पण सांगायचे तर आधी ओरडायला हवे, आणि ओरडणे त्याला जन्मात जमले नव्हते.

"श्मीड!" पुन्हा हाक आली, जरा त्रासिक. भावाने झडपेचे चाक हातात घेतले.

हौदात पिल्लांनी पाणी उडवले. सत्यजितला ती फाटकी चादर लपेटलेली बाई दिसली, जिला त्याने कधी पाहिले नव्हते.

"इथे!" तो ओरडला. आवाज फाटला. त्याने पुन्हा छाती भरून घेतली. "श्मीड इथे आहे! फळ्या बसल्यात!"

बांधावरची टोपी हलली नाही. मग लुडविग खाली उतरून आला, अगदी साधूपर्यंत. वाकून त्याने फळ्यांच्या फटीत बोट फिरवले आणि बोट हुंगले.

"आल्झो, तर मग," तो म्हणाला. "अलोइस तर चालू शकत नाही. हिवाळ्यात कोण बघणार?"

"मी. दर शनिवारी येईन."

"फ्रँकफर्टहून? हिम झाडायला?"

"हो."

लुडविगने त्याच्या फोड आलेल्या तळव्यांकडे पाहिले. "श्मीड लोक पहिल्यापासूनच जरा खुळे," तो म्हणाला, आणि वर तोंड करून त्याने भावाला हात केला. चाकावरचा हात निघाला. थोड्या वेळाने ओहोळातून आधी वाळकी पाने आली, मग फेस, मग पाणी.

सत्यजित साधूपाशी उभा राहिला, उभे राहायचे असते म्हणून. खड्डा भरला. पाणी खालच्या पायरीवर चढले, एक क्षण थांबल्यासारखे झाले, मग वरच्या पायरीवर आले. शेवटची पायरी दिसेनाशी झाली तेव्हा आई गाडीतून उतरत होती. अलोइस मागच्या सीटवरून खिडकीची काच खाली करून तळ्याकडे पाहत राहिला.

"कोन वरडलं?" त्याने शेवटी विचारले.

"मी."

"तू?" अलोइसने सुरेखाकडे पाहिले. "ह्याला आवाज हाये?"

त्या संध्याकाळी अलोइसने पुतण्याला फोन केला. दार उघडेच होते. "मका दुसरीकडं लाव," एवढेच जिन्यापर्यंत ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यजित लवकर उठला. स्वयंपाकघरात आई चहा टाकत होती. खाली अंगणात अलोइस डॉक्टरांनी कालच दिलेल्या काठीवर रेलून हौदातल्या पिल्लांना काहीतरी सांगत होता आणि तनया त्याला आत चल म्हणून दटावत होती. उजेड कौलांवरून उतरला, लाकडांवरून गेला, भूर्जांपाशी थबकला. सत्यजितने मान वर केली. छताच्या कोपऱ्यात एकच सोनेरी रेघ उमटली होती, केसासारखी बारीक, आणि ती हलत होती.

सुरेखाने कप त्याच्यासमोर ठेवला आणि त्याच्या नजरेमागून वर पाहिले.

"आई," तो म्हणाला, "माझी कॉलर तू धरली होतीस ना?"

"मग दुसरं कोण धरणार?"

त्याने कप दोन्ही तळव्यांत धरला. फोडांना ऊब बरी वाटली. आबा कधीच पाण्यात उतरले नव्हते. मासा धरून उभा असलेला तो माणूस अलोइस होता, आणि मराठी आवाज बाबांचा.